केळीच्या काटापट्टीसाठी लारावेल, जँगो की नेक्स्ट?

फैजपूरचा_जावावाला | ६ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. केळीच्या वजनाची आणि पैशाची पावती, म्हणजे काटापट्टी, करणारा प्रोग्राम लिहायचाय. तो लारावेल, जँगो की नेक्स्ट यांपैकी कुठल्या फ्रेमवर्कवर (वेब प्रोग्रामच्या तयार सांगाड्यावर) लिहू? प्रश्न लांबडा आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवटच येतील.

पुण्यात सहा वर्षं जावा केलं, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), एका बँकेच्या कामावर. दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही. वडिलांची सहा हजार खोडं केळी आहेत. ती बघतो आणि उरल्या वेळात सॉफ्टवेअरची कामं घेतो. (वडिलांना असंच सांगतो. खरं गणित उलटं आहे.)

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडून काम आलंय. त्यांच्या ऑफिसात देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज ७, आणि त्यात पीएचपी ५.६ वर चालणारा, दहाएक वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेला प्रोग्राम. करून देणारा आता फोन उचलत नाही. मुनीमजी सकाळी उदबत्ती आधी देवाला ओवाळतात आणि मग त्या डब्याला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तो प्रोग्राम नव्या सर्व्हरवर चढवून पाहिला, तर पहिल्याच पानावर आडवा पडला. सगळीकडे मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स वापरलीत. ती पीएचपी ७ आलं तेव्हाच, २०१५ साली, काढून टाकली गेली. ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या डिसेंबरात थांबलं. म्हणजे डबा आहे तोवर प्रोग्राम आहे.

काम असं. शेतात कटाई होते, टोळीचा मुकादम वहीत घड लिहितो. गाडी भुईकाट्यावर जाते. समजा भरली १४,२६० किलो, रिकामी ५,८४०, म्हणजे माल ८४ क्विंटल २० किलो. माल नवतीचा, पिलबागचा की कांदेबागचा (हे लागवडीप्रमाणे प्रकार) यावर भाव, वापसीचा (बाजूला काढलेल्या हलक्या मालाचा) भाव वेगळा. मग कटती म्हणजे वजावट, मग शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल, आणि उरलेल्या रकमेची काटापट्टी. आज हे सगळं कार्बनच्या पावतीबुकात होतं. मुकादम पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि मुनीमजी रात्री बसून डब्यात भरतात. गर्दीच्या दिवसांत पंचवीस-तीस गाड्या. गेल्या महिन्यात एका चौधरींची पट्टी दुसऱ्या चौधरींच्या खात्यावर चढली. दोघांचं पहिलं नावही एकच, गावही एकच.

आता पर्याय. स्प्रिंग बूट मला झोपेत येतं, पण लहान सर्व्हरवर ते मेमरी खातं, आणि उद्या मी नसलो तर इथे ते उघडून बघणार कोण? मामेभाऊ जळगावला बीसीए झालाय. त्याला पीएचपी येतं, लारावेलवर दोन साइट केल्यात. भुसावळची एक मुलगी अर्धवेळ काम करते. तिचा हात रिॲक्टवर (जावास्क्रिप्टची लायब्ररी, नेक्स्ट तिच्यावरच उभं आहे) बसलाय, ती म्हणते नेक्स्ट जेएस घ्या. मला स्वतःला पायथन शिकायचंय, म्हणून माझ्या मनात जँगो. तीन तोंडं तीन दिशांना.

पैसे दोन लाख ऐंशी हजार, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता "माल निघाल्यावर". केळीवाल्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गणपतीच्या आत चालू करायचंय.

एक अडचण राहिली. खिरोद्याच्या पुढे पालच्या बाजूला गेलं की नेटवर्कची एक कांडी असते, तीही वाऱ्यावर. मुकादमाच्या हातातलं पान तिथे चाललं पाहिजे.

काय घेऊ?

---

चोपडा_ते_बाणेर | ६ मे, रात्री ११:०५

नेक्स्ट. डोळे झाकून. पुढची बाजू आणि मागची बाजू एकाच भाषेत, टाइपस्क्रिप्ट लाव, एका आठवड्यात पहिला डेमो. पीएचपी २०१० मध्ये सोडून आलोय आपण सगळे.

---

फैजपूरचा_जावावाला | ६ मे, रात्री ११:२०

भाऊ, तुम्ही सोडून आलात, सावदा अजून तिथेच आहे :) डेमोची घाई नाही. तो डेमो पाच वर्षांनी कोण जिवंत ठेवणार, एवढंच सांगा.

---

धुळे_जिनिंगवाला | ७ मे, सकाळी ७:१५

काय भो, कसं चालनं? माले इचारशी ते लारावेल. कारण सांगतो, पण ते साध्या मराठीत सांगतो, नाहीतर बाणेरवाले म्हणतील हा काय बोलला.

२०१५ साली मी दोंडाईचाकडच्या एका जिनिंगचं काम घेतलं. कापसाची आवक, ओलाव्याची कटती, गाठी, सरकी, सगळं मिळून ४२ स्क्रीन. तेव्हा अँग्युलर जेएसचा बोलबाला होता, गूगलचं नाव होतं, मी घेतलं. काम छान झालं. मालकाने पेढे दिले. २०१६ च्या सप्टेंबरात अँग्युलर २ आलं, आणि नाव सोडलं तर त्यात जुनं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं चालू द्या, जुनं चालतंय ना. २०२१ संपताना जुन्याचा अधिकृत आधार संपला. मालकाला हे समजावायला गेलो तर तो म्हणाला, "माझं जिन १९८८ चं आहे, अजून फिरतंय. तुझं सहा वर्षांत कसं मेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ४२ स्क्रीन पुन्हा लिहिण्यात दोन हंगामांची कमाई गेली. त्याने एक पैसा दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

तेव्हापासून मी फ्रेमवर्क घेताना पहिलं पान वाचत नाही. जुन्या आवृत्तीवरून नवीवर कसं जायचं, हे सांगणारं एक पान प्रत्येक शहाण्या फ्रेमवर्कचं असतं. ते वाचतो, तेही मागच्या पाच-सहा आवृत्त्यांचं. लारावेलच्या त्या पानावर तर किती वेळ लागेल याचा अंदाजही छापलेला असतो. बाराव्या आवृत्तीला ५ मिनिटं लिहिलंय. मला दीड दिवस लागला. चालतंय. दीड दिवस कुठे आणि दोन हंगाम कुठे. लारावेल २०११ चं आहे, दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते, प्रत्येकीला सुरक्षा दुरुस्त्या दोन वर्षं. म्हणजे तुझ्या कोटेशनमध्येच लिही: दरवर्षी आवृत्ती बदलायची, त्याचे इतके पैसे. आत्ता नाही लिहिलंस तर नंतर तोंड उघडता येत नाही, माझा अनुभव आहे.

नेक्स्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी ॲप राउटर पक्का केला आणि पानं लिहायची सगळी पद्धत फिरली. जुनी पद्धत अजून चालते हे खरं. तरी माझ्या भाच्याने जुनी शिकून नोकरी धरली होती, आता तो परत शिकतोय. पुण्यात असलास तर ठीक आहे, रोज शिकायचे पैसे कंपनी देते. तुला कोण देणार?

आता मुनीमाच्या रात्रीबद्दल. पैसे आणि वजन कधीच फ्लोटमध्ये (दशांश आकडा अंदाजे ठेवणारा प्रकार) ठेवू नको. लारावेल घे, जँगो घे, काहीही घे. पीएचपीत ०.१ आणि ०.७ ची बेरीज कर, १० ने गुण आणि पूर्णांक काढ. ८ यायला पाहिजे, ७ येतो. गंमत म्हणजे नुसती बेरीज छापली तर ०.८ च दिसते, म्हणून चूक सापडतही नाही. माझ्या जिनिंगात रोजमेळाला एका पैशाचा फरक यायचा. तिथला मुनीम त्या एका पैशासाठी रात्री अकरापर्यंत बसायचा आणि जाताना माझ्या नावाने जे काही म्हणायचा ते इथे लिहिता येत नाही. वजन किलोत, पूर्ण आकड्यात. पैसे एकतर पैशांत, पूर्ण आकड्यात, नाहीतर डेटाबेसचा डेसिमल कॉलम. आणि पूर्ण रुपयात गोळाबेरीज नक्की कुठल्या पायरीला करायची, ते व्यापाऱ्याला विचारून लिहून घे. कटतीच्या आधी की नंतर, यात फरक पडतो.

---

नंदुरबारची_मिरची | ७ मे, दुपारी १:५०

दादा, मी पायथनवाली, त्यामुळे माझा कल उघड आहे. तरी ऐका.

जँगो एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथलं लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन तिथे २००३ मध्ये काम करत होते. बातमीदाराने दुपारी सांगायचं आणि संध्याकाळी पान तयार पाहिजे, असा तो धंदा. २००५ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. जँगोचं ॲडमिन पॅनेल इतकं चांगलं का आहे, याचं कारण इथे आहे. कोड न येणाऱ्या माणसांना रोज माहिती भरायची होती. तुमचे मुनीमजी म्हणजे तेच गिऱ्हाईक. शेतकरी, गाव, गाडी, टोळी, भाव, यांची मॉडेल्स (माहितीचे साचे) लिहा, आणि भरायचं, शोधायचं, गाळायचं पान त्याच दिवशी संध्याकाळी तयार. लारावेलमध्ये हे स्वतः लिहावं लागतं किंवा फिलामेंटसारखं बाहेरचं काही जोडावं लागतं.

आवृत्त्यांचं म्हणाल तर एप्रिल २०२५ ची ५.२ दीर्घ मुदतीची आहे, सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत. जिनिंगवाल्या दादांना दरवर्षी दीड दिवस घालवायची हौस असेल, मला नाही.

पण खरं सांगू का, पालच्या बाजूला जी एक कांडी आहे तिच्यासाठी तिघांपैकी कुणीही तुम्हाला मदत करणार नाही. ते काम ब्राउझरचं. सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणारा छोटा प्रोग्राम) पान फोनमध्ये ठेवायचं, पट्ट्या इंडेक्स्ड डीबीत (ब्राउझरच्याच साठवणीत) साठवायच्या, आणि नेट आलं की पाठवायच्या. हे नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये दोन-तीन फायलींत होतं, त्यासाठी रिॲक्टही लागत नाही.

यात मी एकदा तोंडावर पडलेय. नवापूरकडे एका संस्थेसाठी घरोघरच्या पाहणीचा फॉर्म केला होता. नेट अर्धवट असलं की काय होतं, फोनने पाठवलेली नोंद सर्व्हरला पोचते, पण "पोचली" हे उत्तर फोनला पोचत नाही. फोन बिचारा पुन्हा पाठवतो. ३१२ घरांचं गाव, नोंदी आल्या ३९०. तुमच्याकडे असं झालं तर एकाच गाडीचे पैसे दोनदा. म्हणून पट्टीची ओळख सर्व्हरने द्यायची नाही. पट्टी फोनवर जन्मते तेव्हाच तिला तिथेच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब ओळख क्रमांक) द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला, आणि तीच पट्टी दुसऱ्यांदा आली तर भांडू नका, "आली आहे" एवढंच सांगा.

आणि फोनची साठवण भरली की ब्राउझर अशा नोंदी पुसू शकतो. कायम ठेवण्याची परवानगी मागून घ्या. मुकादमाच्या फोनमध्ये रील्स किती असतात ते तुम्हाला माहीत आहे.

---

जुना_रोजमेळ | ७ मे, रात्री ९:३०

मला कोडातलं काही कळत नाही. रावेरला एकतीस वर्षं केळीच्या पेढीवर मुनीम होतो, आता घरी असतो. मुलगा हे वाचत होता, मी त्याच्या खांद्यावरून वाचलं, आणि हे तोच टाइप करून देतोय.

तुम्ही सगळे काय वापरायचं ते बोलताय. पट्टी कशी असते ते कुणी विचारलं नाही.

दुपारी दोनला गाडी काट्यावर असते तेव्हा पुष्कळदा भाव फुटलेला नसतो. तो संध्याकाळी कळतो. म्हणजे दुपारची पट्टी वजनाची असते, पैशाची नसते. मशीन जर म्हणालं की भाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तर मुकादम काहीतरी आकडा टाकून पुढे जाईल आणि तोच आकडा शेतकऱ्याच्या हातात छापून जाईल. मग संध्याकाळी ऑफिसात येऊन तो टेबलावर पट्टी आपटेल, आणि त्याचं बरोबर असेल.

दुसरं, खाडाखोड. रोजमेळात आम्ही खोडत नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ, आतला आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि सही. पांढरं लावणाऱ्याला आमच्या शेठजींनी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता. कॉम्प्युटर आला तेव्हापासून बघतोय, रात्री कुणी आकडा बदलला तर सकाळी मागमूस नाही. जुना कुठे गेला? कुणी बदलला? शेतकऱ्याच्या हातातली पट्टी एक सांगते आणि मशीन एक. अशा वेळी पेढीची अब्रू जाते आणि मुनीमाची नोकरी. माझ्या ओळखीच्या एकाची गेली आहे, त्याची चूक नसताना.

आणि चौधरी-चौधरींचं म्हणाल तर नुसत्या नावावर खातं कधी उघडायचं नसतं. नाव, बापाचं नाव, गाव आणि शेताचा गट नंबर. एका गटात दोन भाऊ असतील तर घरातलं हाक मारायचं नाव. आमच्या वहीत एक "धाकला बाळू" आणि एक "टपालवाला बाळू" होते, एकतीस वर्षांत घोळ झाला नाही.

---

फैजपूरचा_जावावाला | ७ मे, रात्री १०:१०

तात्या, नमस्कार. पट्टीचं टेबल मी परवाच काढून ठेवलं होतं आणि त्यात भाव हा सक्तीचा कॉलम होता. आत्ता खोडला. (एक आडवी रेघ मारून.)

वजनाची पट्टी वेगळी, भाव वेगळा, दोन्ही जुळवून हिशेब वेगळा, असं करतो. खाडाखोडीचं मात्र जिनिंगवाले दादा आणि ताई, तुम्ही कसं करता?

---

नंदुरबारची_मिरची | ८ मे, सकाळी ८:२०

जँगोच्या ॲडमिनमध्ये इतिहास दिसतो: कुणी, कधी, कुठला रकाना बदलला. पण जुना आकडा काय होता ते त्यात राहत नाही. आजोबांची अट त्याने पूर्ण होत नाही, त्यासाठी वेगळं टेबल लागतंच. इथे माझा एक गुण कापा.

---

धुळे_जिनिंगवाला | ८ मे, सकाळी ८:४५

मुनीम आबा बराबर बोली राहिनात. पट्टीची ओळ एकदा लिहिली की बदलायचीच नाही. दुरुस्ती म्हणजे नवी ओळ, तिच्यात "अमुक पट्टीच्या जागी", कारण, आणि कुणी केली ते. आणि हे नुसतं कोडात लिहून भागत नाही, कोड मामेभाऊ लिहिणार आहे. डेटाबेसमध्ये ॲपचा जो युजर असतो त्याला त्या टेबलावर बदलायचा आणि पुसायचा हक्कच देऊ नको. भरायचा आणि वाचायचा, बस.

---

फैजपूरचा_जावावाला | १४ जून, रात्री ११:५५

मंडळी, पाच आठवड्यांनी आलो. मधे वादळ झालं, आमची चारशे-साडेचारशे खोडं आडवी झाली, पंचनाम्याच्या मागे होतो. असो.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी भांडण मिटवायचा एक मार्ग काढला. एकच काम तीनदा करायचं: शेतकरी शोधा, वजनाची पट्टी भरा, संध्याकाळी मुनीमजींनी भाव लावा. मामेभावाने लारावेलमध्ये, मी जँगोमध्ये, भुसावळच्या मुलीने नेक्स्टमध्ये. प्रत्येकाला सहा दिवस. तात्यांची रेघ तिघांनाही सक्तीची.

नेक्स्टचं दिसायला सगळ्यात देखणं. मुनीमजी म्हणाले, "हे बँकेसारखं दिसतं," आणि ते कौतुक होतं की तक्रार, अजून कळलेलं नाही. पण तिचा पुष्कळसा वेळ काय सर्व्हरवर चालतं आणि काय फोनवर, हे मला समजावण्यात गेला. मला कळायला तीन दिवस लागले, मामेभावाला अजून कळलेलं नाही. ती स्वतःच म्हणाली, दादा राहू द्या, शेतातलं पान मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये करून देते.

जँगोबद्दल ताई शंभर टक्के बरोबर होत्या. मी नवशिका असून मुनीमजींचं पान पहिल्या दिवशी जेवायच्या वेळेला चालू होतं. मामेभावाला तेवढंच उभं करायला पाच दिवस लागले आणि तरी त्याचं शोधायचं पान मला आवडलेलं नाही.

मग शेतात गेलो. कटाईची टोळी, दुपारचे बारा, मुकादमाचा फोन चार वर्षं जुना, काच तडकलेली. उन्हात फोन इतका तापला की स्क्रीन आपोआप मंद झाली आणि आमचे छान राखाडी आकडे दिसेनासे झाले. संध्याकाळी सगळं काढून पांढऱ्यावर काळे, बोटाएवढे आकडे केले. दुसऱ्या दिवशी यूयूआयडी तयारच होईना. ऑफिसात चाललेलं शेतात का चालत नाही म्हणून तीन तास डोकं फोडलं. ऑफिसात मामेभाऊ त्याच्याच लॅपटॉपवर लोकलहोस्टला तपासत होता, आणि फोनला आम्ही साध्या एचटीटीपीचा पत्ता दिला होता. ब्राउझरचं ते फंक्शन एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) मिळतच नाही, सर्व्हिस वर्करही नाही. लोकलहोस्टला तेवढी सूट आहे. लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं प्रमाणपत्र लावलं, प्रश्न संपला. मुकादमाच्या फोनवर तारीख दोन दिवस मागे होती, ते वेगळंच. आता फोनची वेळ आणि सर्व्हरची वेळ दोन्ही साठवतो.

सगळ्यात जास्त छळलं बऱ्हाटे आडनावाने. मुनीमजींनी भरलेले बऱ्हाटे मुकादमाला सापडेनात. दोन्ही स्क्रीन शेजारी धरून अक्षर न् अक्षर सारखं. शेवटी आतले कोड काढून बघितले. मुनीमजींच्या कीबोर्डवर "ऱ्ह" येतो तो ऱ या स्वतंत्र अक्षराने. मुकादमाच्या फोनवर येतो तो साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह, असा. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. आम्ही साठवण्याआधीच सगळे ऱ वर आणतो. भुसावळ-यावलकडे काम करणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. जुन्या डब्यातली नावं तर जुन्या फॉन्टमधली निघाली, युनिकोडच नाही. ती फिरवायचं काम वेगळं चालू आहे.

आता निकाल. मी मनातून जँगोच ठरवलं होतं. मेच्या शेवटी सुरतला आतेबहिणीचं लग्न होतं, मी दोन दिवस तिकडे. दोन्ही प्रयोग चालू ठेवून गेलो होतो. हळदीच्या दिवशी दुपारी सर्व्हरची डिस्क लॉगने भरली आणि दोन्ही बंद पडले. मांडवात डीजे चालू, फोनवर काही ऐकू येईना. मामेभावाने लारावेलचं वीस मिनिटांत उठवलं. जँगोचं मी घरी येईपर्यंत तसंच पडून होतं. त्याने प्रयत्न केला होता, त्याचे मेसेज आहेत माझ्याकडे, रात्री एकचा शेवटचा. मुनीमजींनी त्या दिवशीच्या नोंदी लारावेलवर भरल्या आणि दुसऱ्याचं नावही काढलं नाही.

म्हणून लारावेल घेतलं. जँगोचं ॲडमिन डोळ्यांसमोरून जात नाही, ते माझं दुःख आहे. फिलामेंट लावून मुनीमजींची पानं पुन्हा करतोय. शेतातलं पान साधं जावास्क्रिप्ट. कोटेशनमध्ये दरवर्षीच्या आवृत्तीबदलाचे पैसे लिहिले. शेठजींनी घासाघीस करून निम्मे केले, पण ओळ राहिली.

एक गोष्ट अडलीय. काट्यावर शेतकऱ्याला पट्टी छापून द्यायची आहे. ब्लूटूथवरचा दोन इंची थर्मल प्रिंटर घेतलाय. इंग्रजी छापतो, मराठीच्या जागी चौकोन. चित्र करून पाठवावं तर ब्राउझरमधलं वेब ब्लूटूथ म्हणजे फक्त लो एनर्जीवालं (कमी विजेचं नवं ब्लूटूथ), आणि हा प्रिंटर जुन्या ब्लूटूथचा. कुणी केलंय का?

---

धुळे_जिनिंगवाला | १५ जून, सकाळी ६:५०

केलंय. एक छोटं अँड्रॉइड ॲप मधे ठेवावं लागतं, पान त्याला चित्र देतं, ते प्रिंटरला देतं. पन्नास-साठ ओळींचं आहे, देतो तुला. पण चित्राची रुंदी प्रिंटरप्रमाणे बदलते, समोर बसून बघावं लागेल. प्रिंटर घेऊन धुळ्याले ये. रविवारी दुकान बंद राहतं, शनिवारी ये. मुकादमाचा तो तडकलेला फोनही आण.